मुलांच्या हाडांतील सौम्य गाठी

मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या हाडांत होणाऱ्या, पण कर्करोग नसलेल्या गाठींना सौम्य अस्थी-अर्बुदे म्हणतात. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक भागाची, वाढपट्टी असते, तिथून हाड लांब होते, आणि यांतल्या बऱ्याच गाठी तिच्याच आसपास, गुडघ्याभोवती किंवा खांद्याखाली सापडतात. वाढ पूर्ण झाली की कित्येक गाठी थांबतात, काही आपोआप भरून येतात.

नागपुरात ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या दोन जुन्या सरकारी रुग्णालयांत गोंदिया-गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची मुले येतात. “सायकलवरून पडला, तेव्हापासून गाठ आली,” असे पालक बहुधा सांगतात. खरे तर गाठ आधीपासून असते. पडल्यामुळे एक्स-रे निघतो आणि ती दिसते. डॉक्टरांनी हे समजावून सांगायलाच हवे, नाहीतर ज्याच्या हातून मूल पडले त्याला घरात उगाच बोल लागत राहतात.

सर्वांत जास्त आढळते ती ऑस्टिओकॉन्ड्रोमा. हाडातून खुंटीसारखा उंचवटा निघतो, त्यावर कूर्चेची टोपी असते आणि त्याचे टोक सांध्यापासून दूर वळलेले असते. बोटाने दाबले तर टणक लागते, दुखत नाही. शिर, मज्जातंतू किंवा स्नायू घासला जात असेल तरच ती काढतात. एकाच मुलाच्या अंगावर अशा अनेक खुंट्या असल्या तर आजार आनुवंशिक असू शकतो. मग भावंडांनाही तपासावे.

साधी अस्थि-पुटी म्हणजे हाडात पिवळसर पाणी भरलेली पोकळी. ती बहुधा दंडाच्या वरच्या भागात असते आणि मुलगा सीमारेषेवरून जोरात चेंडू फेकेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. कट् आवाज होतो, हात लोंबतो. एक्स-रेत कधी हाडाचा बारीक कपचा पोकळीच्या तळाशी पडलेला दिसतो, आणि त्यावरून निदान होते. मोडलेले हाड जुळते, पोकळी मात्र अनेकदा उरते. तिच्यात स्टेरॉइडची इंजेक्शने देतात किंवा हाडाचा चुरा भरतात.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान असते, पण त्रास तिचाच फार. अमेरिकी डॉक्टर हेन्री जॅफे यांनी 1935 मध्ये तिचे स्वतंत्र वर्णन केले. मूल रात्री कळवळून उठते, आयबुप्रोफेन घेतले की शांत झोपते. गाठीत प्रोस्टाग्लँडिन हे वेदना वाढवणारे रसायन भरपूर तयार होते आणि औषध नेमके तेच अडवते, म्हणून हा फरक पडतो. घरचे याला ‘वाढीच्या कळा’ म्हणतात, काही जण शाळा बुडवायचे निमित्तही समजतात. वाढीच्या कळा दोन्ही पायांत येतात, जागा बदलतात, सकाळी मूल खेळायला पळते. इथे मूल रोज एकाच जागी बोट ठेवते. त्या बोटावर विश्वास ठेवावा. साध्या एक्स-रेत गाठ निसटू शकते, सीटी स्कॅनमध्ये सापडते; मग सुईने सुमारे 90 अंश सेल्सिअस उष्णता देऊन ती जाळतात.

नॉन-ऑसिफायिंग फायब्रोमा ही तंतुमय गाठ अनेक निरोगी मुलांत असते आणि बहुधा तशीच जिरते. रक्ताने भरलेली ॲन्युरिझमल पुटी आणि सांध्यालगतची कॉन्ड्रोब्लास्टोमा यांना मात्र खरवडून काढावे लागते, आणि त्या पुन्हा होऊ शकतात.

विदर्भात एक गोष्ट विसरून चालत नाही. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, त्यात हाडे दुखतात, हाडात जंतुसंसर्गही होतो; हाडाचा टीबीही आढळतो. म्हणून हाड दुखणाऱ्या मुलाची सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे पाहावे.

सूजेवर मालिश करून घेऊ नये. ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा हे कर्करोगही याच वयात होतात, पहिला तर बहुधा गुडघ्यापाशीच. सतत वाढती वेदना, भराभर वाढणारी सूज आणि एक्स-रेत पुसट झालेली कड ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी एमआरआय आधी आणि तुकडा तपासणी (सुईने गाठीचा तुकडा काढून केलेली बायोप्सी) नंतर करावी, तीही पुढची शस्त्रक्रिया जिथे होणार तिथेच, कारण सुईची वाट चुकली तर हात-पाय वाचवणे अवघड होते.

नुसते लक्ष ठेवायचे ठरले तर काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढतात आणि तो पहिल्याशी ताडून पाहतात. लांबून येणाऱ्यांनी पहिली फिल्म जपून ठेवावी, मोबाइलवरचा फोटो पुरत नाही. ऑस्टिओकॉन्ड्रोमा असलेल्यांना हे पुढेही उपयोगी पडते: उंची वाढायची थांबल्यावर खुंटी मोठी होऊ लागली किंवा दुखू लागली, तर लगेच दाखवावे लागते.