कंठ एकाचा, देह दुसऱ्याचा : रंगमंचावरील आणि पडद्यावरील नाट्यपदांच्या तुलनेची पार्श्वभूमी

2015 च्या नोव्हेंबरमध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकावरचा त्याच नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला आणि पुण्यातील संगीतप्रेमींना वादासाठी एक जुनाच विषय नव्याने मिळाला. कथेतील गायक खाँसाहेब पडद्यावर होते सचिन पिळगावकर आणि त्यांचा गाता गळा होता राहुल देशपांडे यांचा. दुसरा गायक सदाशिव याच्या भूमिकेत सुबोध भावे होते आणि गाणे महेश काळे यांचे होते. ज्यांनी हे नाटक रंगमंचावरचे खाँसाहेब वसंतराव देशपांडे यांच्या काळात पाहिले होते, त्यांना चित्रपटातील गाणे फार घोटीव आणि सजवलेले वाटले. ज्यांनी नाटक कधी पाहिलेच नव्हते, त्या तरुण श्रोत्यांना याच गाण्याने नाट्यसंगीताची वाट दाखवली. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या, पण वाद बहुधा ‘कोण चांगले गायले’ याच प्रश्नावर अडकून राहिला. त्या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न आहे, तो म्हणजे गाणारा आणि दिसणारा एकच असावा की नाही. आणि मराठी रंगभूमीने हा प्रश्न चित्रपट येण्याच्या कितीतरी आधी हाताळलेला आहे.

विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून जी आख्यानवजा नाटके रूढ झाली, त्यांत पदे गाण्याचे काम मुख्यतः सूत्रधाराकडे असे. तो आणि त्याचे साथीदार कथा गाऊन पुढे नेत, आणि राम, सीता, रावण ही पात्रे त्या गाण्याच्या अनुषंगाने हालचाल, हावभाव आणि उत्स्फूर्त भाषण करीत. म्हणजे कंठ एकाचा आणि देह दुसऱ्याचा ही व्यवस्था मराठी प्रेक्षकाला मुळीच परकी नव्हती. ती मोडली अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी, आणि तीही पुण्यात. एका पारशी मंडळीने येथे केलेला ‘इंद्रसभा’चा प्रयोग पाहून त्यांच्या मनात संगीत नाटकाची कल्पना रुजली असे सांगितले जाते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले, त्यांत दुष्यंताचे पद दुष्यंतानेच आणि शकुंतलेचे पद शकुंतलेनेच म्हटले. आज ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यातील धाडस लक्षात येत नाही. या एका बदलाने नटाची निवड गळ्यावरून होऊ लागली, आणि ‘गायकनट’ नावाची जात जन्माला आली, जिच्यावर पुढील अर्धशतक मराठी नाटकमंडळ्यांचा संसार चालला.

या गायकनटाचे गाणे कोणत्या परिस्थितीत घडले, हे ध्यानात घेतल्याखेरीज चित्रपटाशी होणारी तुलना न्याय्य ठरत नाही. ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर पट्टी चढी हवी, शब्दांची फेक हवी आणि दम हवा. साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला. वादक रंगमंचाच्या पुढ्यात नटाच्या नजरेच्या टप्प्यात बसलेले, त्यामुळे नटाने एखादी जागा लांबवली तर साथही त्याच्याबरोबर लांबत असे. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत, आणि पद दुसऱ्यांदा म्हणताना ते पहिल्यासारखे म्हणणे हा कमीपणा मानला जाई. परिणामी एकाच पदाचा आकार रोज वेगळा असे. नाटक रात्रभर चाले, आणि कथानक मध्येच थांबून राहते अशी तक्रार त्या काळीही होती. नाट्यदृष्ट्या ती खोटी नव्हती. पण श्रोत्यांपैकी पुष्कळ जण कथानकासाठी आलेले नसत, हेही तितकेच खरे आहे.

गायकागायकांची तुलना करण्याचा षोकही तेव्हापासूनचा आहे. त्याचा कळस म्हणजे 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग, ज्यात गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व नायिका भामिनी झाले आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले नायक धैर्यधर. त्या रात्री कोणाचे गाणे सरस झाले, यावर प्रत्यक्ष न पाहिलेली माणसेसुद्धा पुढे अनेक वर्षे हिरिरीने बोलत राहिली. मग मास्टर दीनानाथ यांनी धैर्यधराची पदे आपल्या आक्रमक ढंगाने अशी गायिली की नंतरच्या पिढ्यांच्या कानात तीच ठसली. म्हणजे ‘मूळ’ म्हणून आज ज्या गायकीचा दाखला दिला जातो, ती बहुतेक वेळा पहिली गायकी नसते.

‘मूळ’ या कल्पनेत तबकडीनेही मोठी उलथापालथ केली आहे. 78 फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. नाटकात ज्या पदाला गायक हवा तितका वेळ देई, ते पद तबकडीसाठी अस्ताई, अंतरा आणि मोजक्या तानांत बसवावे लागे. बालगंधर्वांचे ‘नाही मी बोलत नाथा’ असो किंवा ‘स्वयंवर’मधील भास्करबुवा बखले यांनी बांधलेली पदे असोत, घराघरांत पोचले ते हे संक्षिप्त रूप. पुढे आकाशवाणीवरून तेच वाजत राहिले. रंगमंचावरील गायनाची बाजू घेणाऱ्या आजच्या श्रोत्यापाशी पुरावा असतो तो या तबकडीचा, म्हणजे यंत्रापुढे, प्रेक्षकांवाचून, घड्याळाकडे पाहत गायिलेल्या गाण्याचा. चित्रपटगीताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील निम्मे या तबकड्यांनाही लागू होतात, हे सांगितलेले पुण्यात फारसे आवडत नाही.

बोलपट आला तेव्हा आरंभी गाणारा आणि दिसणारा एकच राहिला, कारण तंत्राने दुसरा पर्याय दिला नव्हता. छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण एकाच वेळी होत असे. वादकांना चौकटीबाहेर किंवा नेपथ्याच्या आड बसवावे लागे, आणि नटाला मायक्रोफोनपासून फार दूर जाता येत नसे. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्राचे काम आणि संगीत दोन्ही गोविंदराव टेंबे यांचे होते, ज्यांनी 1911 मध्ये ‘मानापमान’ला चाली दिल्या होत्या. नाटकाचा संगीतकार कोल्हापुरातील प्रभात कंपनीच्या पहिल्याच बोलपटात गायकनट म्हणून उभा राहिला, यावरून दोन माध्यमांतील अंतर तेव्हा किती थोडे होते याचा अंदाज येतो.

प्रभात 1933 मध्ये पुण्यास आली, आणि दोन वर्षांनी तिने स्वतः बालगंधर्वांनाच पडद्यावर आणले. व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’मध्ये ते संत एकनाथ झाले, संगीत होते मास्टर कृष्णराव यांचे, जे बखलेबुवांचे शिष्य आणि गंधर्व मंडळीतले जाणते. म्हणजे गळा तोच, संगीतकार घरचा, कंपनी नामवंत. तरीही ज्या प्रेक्षकांनी बालगंधर्वांना शालू नेसलेल्या भामिनीच्या आणि रुक्मिणीच्या रूपात पाहिले होते, त्यांना सत्तेचाळीस वर्षांचा हा पुरुषवेषातील एकनाथ आपलासा वाटला नाही, आणि प्रभातशी त्यांचा संबंध त्या एका चित्रपटापुढे गेला नाही. गोपाळ देऊसकर यांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रे पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आहेत, एक पुरुषवेषातील आणि एक स्त्रीवेषातील. त्यांपैकी लोकांच्या मनात घर करून असलेले कोणते, हे सांगावे लागत नाही. येथे आवाज आणि देह यांचे नाते तुटले ते वेगळ्याच रीतीने: आवाज आणि देह दोन्ही त्यांचेच होते, पण भूमिका बदलली आणि गाणे पोरके झाले.

याच्या अगदी उलट उदाहरण पुढच्याच वर्षी त्याच स्टुडिओत घडले. विष्णुपंत पागनीस हेही नाटकात स्त्रीभूमिका करणारे नट. 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये केशवराव भोळे यांच्या संगीतात त्यांनी जे गायिले, त्यात नाटकी पल्लेदार ताना जवळजवळ नाहीत, भजनी ठेका, साधा स्वर आणि शब्दाला जपणारी लय आहे. शांताराम आठवले यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे पद तर अनेकांनी तुकोबांचाच अभंग समजून म्हटले. कॅमेरा जवळ आला की गाण्याने आवाज चढवण्याचे कारण उरत नाही, हे भोळे यांनी ओळखले होते. माझ्या मते रंगमंचावरील आणि पडद्यावरील गायनातील खरा भेद सर्वांत स्वच्छ दिसतो तो या दोन चित्रपटांच्या तुलनेत, आणि नेमकी हीच तुलना आज फारशी कोणी करीत नाही.

1935 मध्येच कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धूपछाँव’ यांत गाणी आधी ध्वनिमुद्रित करून मग चित्रित केली, आणि पार्श्वगायनाची पद्धत पाहता पाहता सर्वत्र पसरली. नटाला गळ्याची अट राहिली नाही, गायकाला चेहऱ्याची राहिली नाही. रंगमंचाच्या अंगाने पाहिले तर हे किर्लोस्करांच्या आधीच्या व्यवस्थेकडे परतणे होते. फरक एवढाच की भाव्यांचा सूत्रधार प्रेक्षकांसमोर उभा असे आणि पार्श्वगायक अदृश्य झाला.

असा वाद केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. ‘माय फेअर लेडी’ 1956 मध्ये न्यू यॉर्कच्या रंगमंचावर जूली अँड्र्यूज यांनी गाऊन गाजवले. 1964 च्या चित्रपटात ती भूमिका ऑड्री हेपबर्न यांना मिळाली आणि बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांच्या आवाजात आली, तेव्हा तिकडच्या रसिकांनीही हाच प्रश्न विचारला. 2012 च्या ‘ले मिझराब्ल’मध्ये तर नटांनी चित्रीकरण चालू असतानाच गायचे, कानातील छोट्या यंत्रातून पियानोची साथ ऐकायची आणि मोठा वाद्यवृंद नंतर जोडायचा, असे ठरवण्यात आले. त्या पद्धतीचा फार गवगवा झाला. प्रभातच्या पहिल्या बोलपटाची नटमंडळी ऐंशी वर्षांपूर्वी नाइलाजाने जे करीत होती, त्याच दिशेने ते हौसेने टाकलेले पाऊल होते.

आता पुन्हा ‘कट्यार’कडे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे हे नाटक नाट्यसंपदा या संस्थेने 1967 मध्ये रंगमंचावर आणले, तेव्हा संगीत नाटकाचा बहर ओसरून बराच काळ लोटला होता, आणि पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी 1964 च्या ‘मत्स्यगंधा’पासून आटोपशीर, शब्दांना धरून चालणाऱ्या पदांची नवी वाट पाडली होती. ‘कट्यार’मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट साधली. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन वृत्तींतून येते, एक संथ आणि शांत, दुसरे चपळ आणि चमकदार. दोन गायकींची तुलना हाच नाटकाचा विषय असल्यामुळे प्रेक्षकाला तुलना करायला नाटकच शिकवते. त्यात खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. त्यांचे गाणे कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत न मावणारे, तानेच्या वाटेवर केव्हा वळण घेईल याचा नेम नसलेले. खाँसाहेबांचा अहंकार, उतावळेपणा आणि आतली व्यथा त्या गाण्यातच होती, वेगळा अभिनय करण्याची गरज पुष्कळदा पडत नसे.

2010 मध्ये वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी खाँसाहेबांची भूमिका घेऊन सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुन्हा उभे केले; अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे त्यात सदाशिव होते. पाच वर्षांनी तोच दिग्दर्शक आणि तेच दोन गळे चित्रपटात आले, मात्र गाणारे दोघेही पडद्यावरून गेले. पुण्यातील वादाला जी धार चढली ती यामुळे. तुलना वसंतरावांशी असती तर ती आजोबा आणि नातू अशी, पिढ्यांची झाली असती. पण येथे राहुल यांना खाँसाहेब म्हणून गाताना डोळ्यांनी पाहिलेला प्रेक्षक त्यांचाच आवाज दुसऱ्या मुद्रेतून ऐकत होता. तान घेताना गायकाच्या मानेला, हाताला, श्वासाला जो झोल येतो, तो ओठ जुळवणाऱ्या नटाकडून कितीही कसब असले तरी पूर्णपणे येत नाही. ज्याने मैफली ऐकल्या आहेत त्याच्या नजरेला हे क्षणात कळते. दुसरीकडे शंकर-एहसान-लॉय यांनी जुन्या पदांभोवती मोठा वाद्यमेळ उभा केला, ‘सूर निरागस हो’सारखी नवी रचना दिली आणि ‘यार इलाही’ ही कव्वाली आणली. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी यांच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतःच गात असल्याने त्या एका पात्रात किर्लोस्करी रीत शाबूत राहिली. महेश काळे यांना या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी 2011 च्या ‘बालगंधर्व’साठी तो पुण्याच्या आनंद भाटे यांना मिळाला होता, तेथेही दिसणारे सुबोध भावे होते. रंगमंचावरील गायकनटाच्या परंपरेला मिळालेली ही मोठी राष्ट्रीय दाद पार्श्वगायनाच्या सदरात मिळावी, यात एक गंमत आहे.

2022 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका स्वतः केली आणि गायिलीही, आणि या वेळी वादाचा सूर लक्षणीयरीत्या बदलला: आवाज वसंतरावांच्या किती जवळ जातो याची चर्चा झाली, पण गाणे ‘दुसऱ्याच्या तोंडी’ गेल्याची तक्रार उरली नाही. 2025 च्या जानेवारीत आलेल्या ‘संगीत मानापमान’ या चित्रपटाने प्रश्न आणखी निराळ्या जागी नेला, कारण तेथे शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी बांधली. टेंब्यांच्या चाली कानात घेऊन चित्रपटगृहात गेलेल्या श्रोत्याला आता गळ्यांची तुलना करण्याआधी चालींची करावी लागते. भरत नाट्य मंदिरात किंवा दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात ‘मानापमान’मधील ‘शूरा मी वंदिले’ आजही जुन्याच चालीत रंगते, आणि पडद्यावरील धैर्यधराला मोजण्याचे माप पुणेकर श्रोता तेथूनच घेऊन येतो.