सरावाच्या काळात रक्तातील साखरेचा आलेख कसा वाचावा

आमच्याकडून ग्लुकोज सेन्सर घेणाऱ्या खेळाडूंसाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. सेन्सर लावल्यावर पहिले काही दिवस सगळे लक्ष मोबाइलवरील आकड्याकडे लागते आणि तो जरा वर गेला की काळजी वाटू लागते. वास्तविक त्या एका आकड्यापेक्षा तो केव्हा, कशानंतर आणि किती वेगाने बदलला, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

दंडाच्या मागील बाजूस लावलेल्या सेन्सरचा बारीक तंतू त्वचेखाली राहतो आणि तो रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. रक्तातील बदल या द्रवात उतरण्यास साधारण ५ ते १५ मिनिटे लागत असल्याने वेगवान सरावात दिसणारा आकडा थोडा मागचा असतो. म्हणून हात थरथरणे, दरदरून घाम येणे किंवा डोके गरगरणे अशी लक्षणे जाणवल्यास आकडा काहीही असला तरी थांबावे, काहीतरी गोड घ्यावे आणि बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर खात्री करावी. सेन्सर लावल्याच्या पहिल्या दिवशी आकडे कमी भरवशाचे असतात. रात्री त्याच कुशीवर झोपल्यास दाबामुळे साखर घसरल्याचे चुकीचे चित्रही दिसू शकते.

मधुमेह नसलेल्या व्यक्तीची उपाशीपोटीची साखर सामान्यतः ७० ते ९९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते आणि जेवणानंतर ती बहुतेक वेळा १४० च्या आत राहते. परंतु हे आकडे विश्रांतीच्या स्थितीतील आहेत. सरावाला ते जसेच्या तसे लावू नयेत. चढावरच्या धावा किंवा जोरदार इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असा आलटून-पालटून सराव) करताना ॲड्रेनलिन हे संप्रेरक वाढते, यकृत साठवलेले ग्लुकोज रक्तात सोडते, आणि स्नायू ते जितक्या वेगाने उचलतात त्याहून सोडण्याचा वेग अधिक असल्यामुळे, काहीही न खाता साखर १४० च्या वर जाऊ शकते. हा बिघाड नसून शरीराने इंधन वेळेवर पुरवल्याची खूण आहे, आणि ती पाहून सरावाआधीचे खाणे कमी करणे ही आमच्या मते सर्वांत टाळण्याजोगी चूक आहे. याउलट, संथ गतीच्या दीर्घ सरावात रेषा हळूहळू खाली येत असेल, तर पुरवठा अपुरा पडू लागल्याची शक्यता असते.

सरावापूर्वीच्या खाण्याची वेळ ठरवताना आलेखाचा विशेष उपयोग होतो. सुमारे ३० ते ६० मिनिटे आधी कर्बोदके घेतल्यास इन्सुलिन वाढलेले असतानाच स्नायूही ग्लुकोज ओढू लागतात आणि काही खेळाडूंची साखर सुरुवातीच्या मिनिटांत झपाट्याने उतरते. काहींना त्याचा त्रास होतो, तर काहींना जाणवतही नाही. तुमच्या बाबतीत काय घडते हे पाहण्यासाठी तोच आहार आणि तोच सराव ठेवून केवळ वेळ बदलावी, प्रत्येक वेळ दोन-तीनदा करून पाहावी, आणि झोप, ताण व थकवा यांची नोंद वहीत लिहावी. ही नोंद नसेल तर आलेखातील चढ-उतारांचे कारण नंतर सापडत नाही.

एका तासाहून लांबणाऱ्या सरावात ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. येथे केवळ आकड्यावर विसंबू नये, कारण स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या ग्लुकोजचा, साठा सेन्सरला दिसत नाही. तो संपत आला तरी रक्तातील साखर बराच वेळ ठीक दिसू शकते. ठरलेले खाणे ठरलेल्या वेळीच घ्यावे.

मधुमेह असणाऱ्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, सरावातील कोणताही बदल डॉक्टरांशी बोलूनच करावा. विश्रांतीच्या दिवशीही आकडे वारंवार १४० च्या वर किंवा ७० च्या खाली जात असतील, तर आलेख डॉक्टरांना दाखवावा. आकडे पाहून जेवणाचीच भीती वाटू लागली, तर सेन्सर काढून ठेवावा आणि आहारतज्ज्ञांना भेटावे. स्पर्धेत उतरण्यापूर्वी आपल्या खेळाचे नियम तपासावेत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२१ मध्ये शर्यतीदरम्यान असे सेन्सर वापरण्यास मनाई केली, सरावात मात्र ते वापरता येतात.