एआय शिकायचंय? मग माणूसही शिका

बीई झालं, बीएस्सी झालं, आता पुढे एआयमध्ये मास्टर्स करायचं असं म्हणणारी पोरं हल्ली फोंड्यात, म्हापशात, मडगावात सगळीकडे भेटतात आणि ते चांगलंच आहे. पण बहुतेकांच्या डोक्यात एआय म्हणजे डेटा, मॉडेल आणि ॲक्युरसीचा आकडा, बस. ते मॉडेल शेवटी ज्याच्या हातात जाणार, जो त्याच्या सांगण्यावरून निर्णय घेणार, तो माणूस कुठे असतो या सगळ्यात? त्याचा अभ्यास करणारी एक अख्खी शाखा आहे, ह्युमन फॅक्टर्स नावाची, आणि एआय अधिक ह्युमन फॅक्टर्स असा जोड अभ्यास पदव्युत्तर पातळीवर करता येतो. गोव्यातल्या पोरांनी तर हा विचार नक्की करावा असं मला मनापासून वाटतं, कारण अभ्यासाचं सामान आपल्या दारात पडलंय.

आपले किनारेच घ्या. २०२३ च्या सुरुवातीला दृष्टी मरीनने, म्हणजे आपल्याकडे लाइफगार्ड पुरवणाऱ्या संस्थेने, ऑरस नावाचा किनाऱ्यावर आपला आपण फिरणारा रोबो आणला आणि ट्रायटन नावाची एआय सिस्टीम आणली, जी पोहायला मनाई असलेल्या भागावर नजर ठेवते आणि काही दिसलं तर जवळच्या लाइफगार्डला कळवते. आता त्या लाइफगार्डचं काम नीट बघा. तासन् तास उन्हात, चकाकणाऱ्या पाण्याकडे बघत राहायचं, आणि बहुतेक वेळ काहीच घडत नाही. त्यात बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो ही आपली समजूतच चुकीची, पुष्कळदा तो आवाजसुद्धा न करता खाली जातो, कारण श्वास घ्यायलाच उसंत नसते तर ओरडणार कधी.

अशा कामात माणसाचं लक्ष किती वेळ टिकतं? हे मोजलं गेलंय आणि त्याचे निष्कर्ष १९४८ मध्येच छापून आलेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडार ऑपरेटरांच्या नजरेतून पडद्यावरचे पाणबुड्यांचे ठिपके सुटायचे, म्हणून केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थने एक साधं यंत्र बनवलं. आकडे नसलेली घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर ठरावीक टप्प्यांनी पुढे सरकणारा काटा, आणि तो मधूनच एखाद्या वेळी दुप्पट उडी मारायचा. ती दुप्पट उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम, दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या उड्या सुटायला लागल्या. चांगले ट्रेनिंग घेतलेले, मन लावून बसलेले लोक होते ते. म्हणजे हा आळस नाही, आपला मेंदूच असा आहे.

मग म्हणाल, कॅमेरा थकत नाही, त्यालाच बघू दे. इथे थोडं गणित करू (हे ट्रायटनचे आकडे नव्हेत, समजण्यासाठी मी धरलेत). समजा मोसमात १०,००० माणसं पाण्यात उतरली, त्यातली १० खरंच अडचणीत आली. सिस्टीम दहातली ९ पकडते आणि बाकीच्या लोकांबाबत फक्त १ टक्का वेळा चुकते. कागदावर ही ९९ टक्के अचूक सिस्टीम झाली, कुठल्याही प्रोजेक्टला पैकीच्या पैकी मार्क. पण ९,९९० चा १ टक्का म्हणजे जवळपास १०० खोटे अलार्म, आणि खरे ९. म्हणजे दर बारा अलार्ममागे एक खरा. अकरा वेळा वाळूतून धावत जाऊन बघितलं तर माणूस मजेत डुंबतोय, मग बाराव्या वेळी पाय किती जोरात पळतील? हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये हेच होतं, मॉनिटर इतके टीटी करतात की नर्सच्या कानाला ते ऐकूच यायचे बंद होतात, त्याला अलार्म फटीग म्हणतात. इथे मॉडेल अजून थोडं सुधारून भागत नाही. अलार्म किती पातळीवर वाजावा, आवाजात वाजावा की मनगटावर थरथरावा, सोबत कॅमेऱ्यातलं चित्र दिसावं की नुसता बाण, हे सगळं लाइफगार्डला घेऊन, प्रयोग करून ठरवावं लागतं, आणि हेच ह्युमन फॅक्टर्सचं काम.

मोपा किंवा दाबोळी विमानतळावर बॅगा एक्सरेवर तपासतात तिथेही असंच. २००५ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर साधारण ७ टक्के वेळा ती हुकते, आणि शंभरात एखाद्याच चित्रात असेल तर हुकण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर जातं. दुर्मीळ गोष्ट डोळ्यासमोर असूनही दिसत नाही. यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. जगात बऱ्याच विमानतळांवर मधूनमधून मशीनच खोट्या हत्यारांची चित्रं बॅगेच्या चित्रात मिसळतं, तपासणाऱ्याने ओळखलं की लगेच सांगतं की ही टेस्ट होती. म्हणजे इथे मशीन माणसाची जागा घेत नाही, त्याला जागं ठेवतं.

आणि उलटा धोका, तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. अलार्मवर विश्वास उडतो तसा कधी कधी तो नको इतका बसतोही. २०२३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी २७ रेडिओलॉजिस्टना ५० मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचे एक्सरे, तपासायला दिले, सोबत एआयचं मत म्हणून एक सूचना दाखवली, आणि काही सूचना मुद्दाम चुकीच्या ठेवल्या. सूचना बरोबर असताना नवख्या डॉक्टरांचं उत्तर ८० टक्क्यांच्या आसपास बरोबर यायचं, चुकीची असताना ते २० वर आलं. बरं, हे नवख्यांचंच नाही, खूप अनुभवी डॉक्टरसुद्धा ८२ वरून ४५ च्या आसपास घसरले. बघा म्हणजे, वर्षानुवर्षं फिल्म वाचलेला डॉक्टर, आणि स्क्रीनवरचा एक आकडा त्याची नजर फिरवतो. उद्या बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात किंवा एखाद्या तालुक्याच्या हॉस्पिटलात असं सॉफ्टवेअर बसवायचं झालं तर हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारणारा कोणीतरी हवा ना? मग एआयचं मत डॉक्टरला आधी दाखवायचं की त्याने स्वतःचं मत नोंदवल्यावर, एवढा एक बदलसुद्धा रिझल्ट फिरवू शकतो.

लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की ऑटोमेशन सोपं काम काढून घेतं आणि सगळ्यात अवघड क्षण तेवढा माणसावर टाकतं, तोही सराव मोडल्यावर. त्याचंच उदाहरण, १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं विमान अटलांटिकमध्ये पडलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या, ऑटोपायलट आपोआप बंद झाला, आणि काय होतंय हे वैमानिकांना शेवटपर्यंत उलगडलं नाही.

आता अभ्यासात काय असतं ते सांगतो. मशीन लर्निंग आणि पायथन तर आहेच, पण बरोबरीने कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी (लक्ष, स्मृती, निर्णय यांचं मानसशास्त्र), प्रयोगाची आखणी, भरपूर स्टॅटिस्टिक्स आणि सिग्नल डिटेक्शन थिअरी, म्हणजे वर केलेल्या खऱ्या-खोट्या अलार्मच्या हिशेबाचं पक्कं शास्त्र. नजर कुठे जाते ते टिपणारा आय ट्रॅकर वापरता यायला लागतो. कामाचा ताण मोजायला नासाची १९८८ ची टीएलएक्स प्रश्नावली आहे, सहा प्रश्न, अजूनही चालते.

प्रवेशाचं म्हणाल तर आपल्याकडे हा जोड तुकड्या-तुकड्यांतून बांधावा लागतो. इंजिनिअरिंगवाल्यांना गेट देऊन एमटेक, त्यात २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे. डिझाइनच्या बाजूने यायचं तर सीड परीक्षा, ती आयआयटी मुंबई घेते आणि कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, म्हणजे बीए सायकॉलॉजीवाल्यांनो, तुम्हालाही. आयआयटी गांधीनगर आणि अलाहाबाद विद्यापीठात कॉग्निटिव्ह सायन्सचं मास्टर्स करता येतं. बाहेर जायचं असेल तर ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅम आणि क्रॅनफिल्ड ही विद्यापीठं ह्युमन फॅक्टर्समधली जुनी नावं आहेत. कॉलेज निवडताना नुसतं रँकिंग बघू नका, तिथल्या लॅबमध्ये खऱ्या कामगारांवर, डॉक्टरांवर, ड्रायव्हरांवर अभ्यास होतो की फक्त वर्गातल्या मित्रांना बसवून, हे आधी विचारा.

प्रबंधासाठी मात्र शक्य असेल तर गोव्यात परत या. लाइफगार्ड, मुरगाव बंदरातले क्रेन ऑपरेटर, विमानतळावरचे लोक, ज्यांचं काम त्यांच्याशी आधी बोला, कोकणीत किंवा मराठीत, टीएलएक्स छापील इंग्रजीत हातात देऊ नका, तोंडी विचारा. आणि एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच सेमिस्टरला टाका, माणसांवरच्या अभ्यासाला ती मंजुरी लागतेच, आणि ती यायला मे उजाडला तर पुढे जून ते सप्टेंबर समुद्रात पोहायला मनाई असते, तुमचा डेटा थेट ऑक्टोबरवर जातो.