विणलेले काल्पनिक प्राणी

ड्रॅगन, ग्रिफिन (गरुडाचे डोके आणि सिंहाचे धड असलेला), युनिकॉर्न (एकशिंगी घोडा) असे प्रत्यक्षात नसलेले प्राणी लोकरीने विणून, आत पॉलिएस्टरचा कापूस भरून केलेली खेळणी. क्रोशाच्या सुईवरची अशी खेळणी ‘अमिगुरुमी’ या जपानी नावाने जास्त ओळखीची आहेत (‘अमू’ म्हणजे विणणे, ‘नुइगुरुमी’ म्हणजे भरलेले खेळणे). या नोंदीत सुयांवरच्या विणकामाचा विचार केला आहे.

मांजर बिघडले तर कोणीही सांगेल, ड्रॅगनचे तसे नाही. म्हणून तो सोपा वाटतो. पण समोर नमुनाच नसल्यामुळे प्रत्येक माप विणणाऱ्यालाच ठरवावे लागते. बहुतेक जण अवयव उसने घेतात : मान बदकाची, पंख वटवाघळाचे, शेपूट घोरपडीची. आधी बाजूचे चित्र खऱ्या आकारात काढतात आणि ठिकठिकाणचे घेर मोजतात.

घेराचे टाके करण्यासाठी लहान चौकोन विणून पाहावा लागतो. हा कंटाळा केला की पुढे सगळेच चुकते. वीण स्वेटरपेक्षा घट्ट हवी, नाहीतर टाक्यांतून कापूस डोकावतो. मध्यम जाडीच्या लोकरीला स्वेटरसाठी साधारण ४ मिमीची सुई घेतात. इथे ३ किंवा ३.२५ मिमीची बरी. समजा १० सेंमीत २६ टाके आणि ३६ ओळी बसल्या. डोक्याचा व्यास ८ सेंमी हवा असेल तर घेर सुमारे २५ सेंमी, म्हणजे ६५ टाके. आठाने भाग जावा म्हणून ६४ धरायचे. आठ टाक्यांनी सुरुवात करून एक फेरी (गोल विणलेली ओळ) सोडून एक आठ टाके वाढवले की १५ फेऱ्यांत ६४ होतात. मग १५ फेऱ्या सरळ आणि १५ फेऱ्यांत तसेच घटवत परत आठ. एकूण ४५ फेऱ्या, म्हणजे १२.५ सेंमी, हाच गोलाचा अर्धा घेर. कापूस भरला की कडा आपोआप गोल होतात.

खरी किल्ली टाके वाढवण्याच्या वेगात आहे. याच मापाने दर दोन फेऱ्यांना नऊ-एक टाके वाढवले तर सपाट चकती होते. दर चौथ्या फेरीला एखादाच वाढवला तर निमुळता शंकू मिळतो. शिंग किंवा शेपटीचे टोक असेच होते. उलट भराभर वाढवत गेले तर कापड मावेनासे होऊन झालर पडते. दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये हायपरबोलिक प्रतल (कडेकडे पसरत जाऊन लाटा पडणारा पृष्ठभाग) क्रोशाने विणून दाखवले ते याच तत्त्वावर. ड्रॅगनच्या मानेभोवतीच्या कल्ल्यांना ती झालर फार शोभते.

मानेला बाक आणायचा तर अर्धवट ओळी विणतात : सुई (म्हणजे एक ओळ) संपवायच्या आतच काम उलटे फिरवून परतायचे. बाहेरच्या बाजूला ओळी जास्त झाल्या की नळी वळते. मोज्याची टाच अशीच वळते. फिरताना पुढच्या टाक्याला धागा गुंडाळला नाही तर तिथे भोक राहते.

पंखांवर बरेच जण फसतात. एक सुई सुलट, एक सुई उलट विणलेला पंख कडांना गुंडाळला जातो आणि पानाच्या विड्यासारखा दिसतो; इस्त्रीनेही तो फारसा ऐकत नाही. सगळ्या सुया सुलट विणाव्यात, म्हणजे पंख सपाट राहतो. आडव्या उंचवट्यांमुळे पंखाच्या काड्यांचा भासही होतो.

कापूस चिमूट चिमूट घालतात. अरुंद पाय आणि शेपूट विणता विणताच भरावे लागतात. भरल्यावर घेर थोडा वाढतो, हे आधीच हिशेबात धरलेले बरे. मोठे डोके आणि बारीक पाय असलेला प्राणी हमखास तोंडावर आपटतो. शेपूट तिसऱ्या पायासारखी टेकवली की तो मागच्या दोन पायांवर बसतो.

अवयव शिवण्यापूर्वी टाचण्यांनी लावून पाहतात. तीन वर्षांखालील मुलांसाठी प्लॅस्टिकचे डोळे किंवा मणी टाळून डोळे धाग्याने भरतात आणि पंखांत तार घालत नाहीत. भरतकामाला घाई करू नये : डोळे दोन टाके जवळ आणले की ड्रॅगन रागीट होतो, दोन ओळी खाली घेतले की तोच पिल्लू दिसू लागतो.