वेचलेली की उपटलेली? डाउनच्या दुलईमागचा वाद

‘जिवंत पक्ष्याची पिसे वापरलेली नाहीत’ हे वाक्य हल्ली डाउनच्या, म्हणजे बदक-हंसांच्या अंगावरच्या मऊ लवेच्या, दुलईवर अनेकदा असते. दादरच्या दुकानातली दुलई असो की जर्मनीहून मावसबहिणीने बॅगेत कोंबून आणलेली, कोपऱ्यात शिवलेल्या चिठ्ठीवर ते छापलेले दिसते. ते छापण्याची वेळ का आली, ही गेल्या पंचवीसेक वर्षांतली गोष्ट आहे.

मऊ बिछान्याला आपण ‘परांची गादी’ म्हणत आलो, पण मुंबईच्या घरांत उशीत शेवरीचा कापूस आणि अंगावर जुन्या लुगड्यांची गोधडी असायची. पिसांची दुलई उत्तर युरोपची. आइसलंडमध्ये आयडर नावाची बदकीण स्वतःच्या पोटाची लव काढून घरटे मढवते आणि माणसे ती घरट्यातून उचलतात. किलोभर लवेसाठी साठ-सत्तर घरटी लागतात, त्यामुळे ती श्रीमंतांपुरतीच राहिली. बाजारातला बाकी जवळजवळ सगळा डाउन मांसासाठी पाळलेल्या बदकांचा आणि गूस या पाळीव हंसांचा.

पिसाला मधोमध दांडी असते, डाउनला नसते. चिमटीत धरला तर सावरीच्या बोंडातल्या म्हातारीसारखा वाटतो. त्याच्या तंतूंत हवा अडकते, आणि ऊब त्या हवेची. लेबलवरचा ६०० किंवा ८०० हा आकडा एक औंस डाउन किती घन इंच फुलतो ते सांगतो. दुलई किती उबदार, हे त्यावरून एकट्याने ठरत नाही, आत किती ग्रॅम भरलाय तेही पाहावे लागते. ब्रिटनमधून आलेले ‘टॉग’ हे माप थेट उबेचे आहे: उन्हाळी दुलई साधारण ४.५, कडक हिवाळ्याची १३.५. एसी २४ अंशांवर ठेवणाऱ्या मुंबईकराला ४.५ पुरते, आणि कमी भरण म्हणजे कमी पक्ष्यांची पिसे. त्यात आपल्याकडची हवा दमट. ओल धरलेला डाउन गोळे होऊन बसतो, मग त्याची ऊबही जाते.

आता मूळ वाद. जिवंत पक्ष्याची पिसे उपटू नयेत, अशी शिफारस युरोपातल्या राष्ट्रांच्या एका परिषदेने १९९९ मध्येच केली होती. तरी २००९ मध्ये स्वीडनच्या दूरचित्रवाणीवर हंगेरीतली दृश्ये दिसली: उलटे धरलेले गूस, छातीवरची ओरबाडलेली कातडी. उत्पादकांचा बचाव एका क्रियापदावर उभा होता. आम्ही उपटत नाही, ‘गोळा करतो’.

हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. आपण प्राजक्त वेचतो आणि झेंडू खुडतो, कारण प्राजक्त स्वतःहून सुटलेला असतो. गूसची पिसेही साधारण सहा-सात आठवड्यांच्या चक्राने पिकतात, मुळाशी सैल होतात. तेव्हा हलक्या हाताने विंचरली तर ती इजा न होता निघतात. न पिकलेल्या पिसाच्या दांडीत मात्र रक्त असते. युरोपच्या अन्नसुरक्षेची शास्त्रीय बाजू पाहणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये नेमके हेच तपासले. तिचे मत असे की पिकलेली पिसे इजा न करता काढणे तत्त्वतः शक्य आहे, पण कळपातले सगळे पक्षी एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. एकाच पक्ष्याची छाती आणि पाठही बरोबरीने पिकत नाही. म्हणजे पिकल्याबरोबर कच्चेही ओढले जाणार. उत्पादकांना या मतात ‘शक्य आहे’ एवढेच दिसले, प्राणिप्रेमींना उरलेला भाग. माझ्या मते हजारो पक्ष्यांच्या गोठ्यात वेचणे आणि उपटणे यांत फरक राहतच नाही, आणि तो आहे असे भासवणे हा त्या पक्ष्यांवर दुसरा अन्याय आहे.

२०१४ च्या सुमारास कपड्यांच्या मोठ्या कंपन्यांच्या पुढाकाराने प्रमाणपत्रे आली. त्यांत दोन्ही क्रियापदांना जागा ठेवलेली नाही: जिवंतपणी पिसे काढायची नाहीत, यकृत सुजवण्यासाठी घशात नळी घालून चारायचे नाही, आणि माल शेतापासून दुलईपर्यंत मागोवा लागेल असा हवा. ‘मांसाचे उपउत्पादन’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीत यातले काहीच येत नाही.

एक प्रश्न मात्र प्रमाणपत्र पाहूनही विचारावा. मांसाचे बदक सहा-सात आठवड्यांतच कापले जाते, त्याची पिसे पुन्हा पुन्हा काढायला वेळच नसतो. अंड्यांसाठी ठेवलेले जनक पक्षी वर्षानुवर्षे जगतात, खरा धोका त्यांना. तपासणी त्यांच्या गोठ्यापर्यंत जाते का? मावसबहिणीच्या दुलईची चिठ्ठी मी दोन्ही बाजूंनी वाचली. त्यावर जनक पक्ष्यांबद्दल एक अक्षर नव्हते.