फेन्स ब्लेडला समांतर केलं की टेबल सॉ जुळला?

पुष्कळ वर्षं फिरणारा समज असा: फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची सरळ पट्टी) ब्लेडला समांतर लावलं की टेबल सॉची, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीची, जुळवणी झाली.

असं वाटणं साहजिक आहे, कारण लांब फळी उभी चिरताना काम नीट होतंही. अडचण दिसते ती मायटर गेजवर, म्हणजे लाकूड ठरावीक कोनात धरून पुढे सरकवायच्या साधनावर, आडवा काप घेताना. गेज सरकतो टेबलावरच्या खाचेतून. ब्लेड त्या खाचेला तिरकं असेल तर मागचे दात लाकडाला पुन्हा घासतात, कड करपते आणि काप खडबडीत येतो. म्हणून आधार खाचेचा धरायचा. आधी ब्लेड खाचेला समांतर, मग फेन्सही खाचेलाच.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. आधी प्लग काढा, हे कधीही टाळू नका. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दातावर खूण करा. तो दात पुढे आणून खाचेच्या कडेपासून सरकत्या पट्टीच्या गुण्याने (सुताराच्या काटकोनी मापाने) अंतर घ्या. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. दात तोच हवा. वेगळा घेतला तर ब्लेडचा किंचित वाकही मापात मिसळतो.

फरक साधारण 0.1 मिमीच्या आत असला तर हात लावू नका. जास्त असेल तर, काही यंत्रांत, टेबलाखालचे ब्लेडच्या आधाराचे बोल्ट थोडे सैल करून तो हलकेच सरकवावा लागतो. बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळतानाच तो बरेचदा हलतो.

फेन्स मागच्या बाजूने ब्लेडकडे झुकलेलं मात्र कधीच नको: लाकूड अडकून तुमच्याच अंगावर उसळतं.