सायरनच्या पोटातली छोटी बॅटरी

ओळखीच्या मेकॅनिककडे परवा एका जुन्या गाडीचा सायरन उघडलेला पाहिला. काळ्या प्लास्टिकच्या डबीत एक छोटा कर्णा, सर्किट बोर्ड आणि वेष्टनात गुंडाळलेली सहा सेलची चळत. सेलच्या कडांवर पांढरी भुकटी जमली होती आणि त्यांच्याखालच्या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे हिरवे पडून तुटले होते. मालकाची तक्रार एवढीच, की गाडी मध्यरात्री आपोआप बोंबलते. चोर कधी आलाच नव्हता.

मुळात सायरनला स्वतःची बॅटरी लागतेच कशाला? कारण सरावलेला चोर आधी गाडीच्या मुख्य बॅटरीची वायर तोडतो. म्हणून चांगला सायरन मुख्य वीज गेली, हीच धोक्याची खूण मानतो आणि पोटातल्या सेलवर वाजू लागतो. बोर्ड सडला की त्याला वीज गेल्याचा खोटा भास होतो. ते मध्यरात्रीचे बोंबलणे यातूनच आले होते.

आता हिशेब करू. सायरन 12 व्होल्टवर 1 अँपिअर घेतो असे धरले, तर पाच मिनिटांना लागणारी ऊर्जा 3600 जूल, म्हणजे अवघा 1 वॅट-तास. सहा सेलच्या 7.2 व्होल्टच्या चळतीत, प्रत्येक सेल 300 मिलिअँपिअर-तासांचा असेल, तर याच्या दुप्पट ऊर्जा मावते. वीज पुरवणे हे अवघड काम नाहीच. अवघड आहे ते वर्षानुवर्षे उकाड्यात वाट पाहत बसणे, आणि निवड करताना नेमके हेच विसरले जाते.

सायरन बहुधा बॉनेटखाली असतो. वाहनांच्या अलार्मविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत इंजिनाजवळच्या भागांसाठी उणे 40 ते 125 अंश सेल्सिअस आणि प्रवासी कक्षातल्या भागांसाठी उणे 40 ते 85 अंश असा पल्ला धरला आहे. सेलमधल्या रासायनिक क्रिया तापमान 10 अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात, म्हणजे आयुष्य निम्मे. चंद्रपूरच्या मे महिन्यात, इंजिन बंद केल्यावर बॉनेटखाली कोंडलेली उष्णता सेलचे काय करत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

घरी बसून उपाय शोधणाऱ्याला पहिली आठवते ती 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. ती घेऊ नका. एवढा मोठा प्रवाह मागितला की तिचा व्होल्टेज कोसळतो, शिवाय ती पुन्हा चार्ज होत नाही. लिथियम आयन सेल हलका आणि ताकदवान खरा, पण 45 अंशांच्या वर तो चार्ज करणे सहसा वर्ज्य असते. बॉनेटखाली तो ठेवायला माझी तरी हिंमत होणार नाही. निकेल कॅडमियम उष्णता बऱ्यापैकी सोसतो, मात्र कॅडमियम विषारी आहे.

राहिला निकेल मेटल हायड्राइड. जास्त तापमानासाठी बनवलेला आणि नुसता पडून असताना फार हळू उतरणारा प्रकार मिळाला, तर माझे मत त्यालाच. त्याचा दोष म्हणजे गळती. आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरे पोटॅशियम कार्बोनेट बनते. वर सांगितलेली भुकटी ती हीच. म्हणून चळत बोर्डावर थेट बसवण्याऐवजी दोन वायरींनी जोडून वेगळी ठेवावी, आणि जमल्यास सायरनच बॉनेटमधून हलवून थंड जागी न्यावा.

सुपरकपॅसिटरचा, म्हणजे सेलऐवजी वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरचा, पर्याय मला मोह घालतो. 2.7 व्होल्टचे, 50 फॅरडचे पाच एकापुढे एक जोडले तर एकूण 10 फॅरड होतात. 12 व्होल्टपासून 6 व्होल्टपर्यंत उतरताना ते 540 जूल देतात, म्हणजे आपल्या सायरनला सुमारे 45 सेकंद. त्याच नियमांत आवाज 25 ते 30 सेकंद वाजावा असे म्हटले आहे, तेव्हा एवढे पुरते. पण साध्या सुपरकपॅसिटरची मर्यादा 65 अंशांच्या आसपास असते, म्हणून जागा पुन्हा प्रवासी कक्षातलीच.

चार्जिंगकडेही लक्ष हवे. उभ्या गाडीत सायरन सतत 30 मिलिअँपिअर ओढत राहिला तर महिन्यात सुमारे 22 अँपिअर-तास जातात. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते, म्हणजे गावाहून परतल्यावर गाडी सुरूच व्हायची नाही. इंजिन चालू असताना व्होल्टेज 13.5 च्या वर चढतो. तेव्हाच सेल भरणारे सर्किट निवडावे.

सेल बदलताना टॅब (वायर जोडण्यासाठीच्या धातूच्या पट्ट्या) जोडलेलेच घ्या. थेट सेलवर सोल्डर केले तर त्या उष्णतेने आतले सील बिघडते आणि गळती लवकर सुरू होते. नंतर वर्षातून एकदा अलार्म लावून मुख्य बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढून पाहा. पहिल्या दहा सेकंदांतच आवाज चिरका होऊन बसू लागला, तर चळत बदलायची वेळ झाली आहे.